आकड्याआधीचा निवाडा

१९९१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हजाराहून अधिक घरांत मुलाखतकार जाऊन बसले. हातात नकाशे, फोटो आणि छापील कार्डं. अलास्कातला एक समुद्रभाग कसा आहे, दोन वर्षांपूर्वी तिथे काय घडलं, किती पक्षी आणि पाणमांजरं मेली, हे सगळं त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मग मुद्द्यावर आले. असं पुन्हा घडू नये म्हणून तेलाच्या प्रत्येक टँकरसोबत तटरक्षक दलाची दोन जहाजं ठेवायची योजना आहे. तिच्यासाठी तुमच्या घराला एकदाच अमुक इतका कर भरावा लागेल. मतदान झालं तर तुम्ही बाजूने मत द्याल की विरोधात? ‘अमुक इतका’ म्हणजे कुणाला १० डॉलर सांगितले, कुणाला ३०, कुणाला ६०, कुणाला १२०.

प्रश्न एवढासाच. तो तयार करायला मात्र दीड वर्षाहून अधिक काळ लागला होता. पर्यावरणाचं अर्थशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला या सर्वेक्षणातून निघालेला आकडा आजही शिकवला जातो. त्यामागच्या भांडणांचे किस्से वर्गात सहसा सांगितले जात नाहीत.

एकतीस डॉलर

२४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ हा टँकर प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढला आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात सांडलं. कोळ्यांचं नुकसान मोजायला अडचण नव्हती, मासळीला बाजारात भाव असतो. पण पाणमांजराला भाव कुठे असतो? आणि जो माणूस जन्मात अलास्काला जाणार नाही, पण तो किनारा तसाच असावा असं ज्याला वाटतं, त्याचं काही नुकसान झालं की नाही?

‘झालं’ असं उत्तर जॉन क्रुटिला या अर्थशास्त्रज्ञाने १९६७ साली एका छोट्या लेखात देऊन ठेवलं होतं. एखादी जागा नुसती आहे, याचंही माणसाला मोल असतं, असं त्याचं म्हणणं. बावीस वर्षं ही कल्पना प्रामुख्याने विद्यापीठांत फिरत राहिली. १९८९ मध्येच ओहायो राज्याने लढवलेल्या एका खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं की, निसर्गाची भरपाई ठरवताना केवळ बाजारभावावर थांबता येणार नाही. जे लोक त्या निसर्गाचा प्रत्यक्ष वापर करत नाहीत, त्यांचं नुकसानही धरावं लागेल. एका फटक्यात विद्यापीठातल्या चर्चेला अब्जावधी डॉलरचं वजन आलं.

अलास्का राज्याने रिचर्ड कार्सन, रॉबर्ट मिचेल, मायकेल हानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कामाला लावलं. या मंडळींपुढचा पहिला पेच गणिताचा नव्हताच. लोकांना नक्की काय विचारायचं, हा होता. ‘हा किनारा पुन्हा असा बुडू नये म्हणून तुम्ही किती द्याल?’ असं विचारता येतं. ‘हा किनारा गेला, त्याबद्दल तुम्ही किती घ्याल?’ असंही विचारता येतं. दुसऱ्या प्रश्नाला येणारी उत्तरं पहिल्याच्या कितीतरी पट मोठी असतात, आणि बरेच जण तर सरळ सांगतात की कितीही दिलेत तरी आम्ही घेणार नाही. किनारा जर जनतेच्या मालकीचा असेल आणि तो दुसऱ्याने नासवला असेल, तर न्यायाने दुसराच प्रश्न लागू पडतो. चोरी झालेल्या घरात जाऊन ‘पुढची चोरी टाळायला तुम्ही किती खर्च कराल?’ असं कुणी विचारत नाही.

तरीही या संशोधकांनी पहिला प्रश्न निवडला, आणि तो जाणूनबुजून निवडला. कोर्टात समोरचे वकील अहवाल फाडून काढणार हे उघड होतं, म्हणून जिथे दोन वाटा दिसल्या तिथे आकडा लहान येईल ती वाट धरायची, असं त्यांचं धोरण होतं. मुलाखती १,०४३ झाल्या. मधला माणूस एकतीस डॉलरच्या आसपास द्यायला तयार होता. त्याला देशातल्या सुमारे ९ कोटी घरांनी गुणलं आणि २८० कोटी डॉलर हा आकडा निघाला. किनारा कुणाचा, या प्रश्नाचा निकाल त्या गुणाकाराच्या आधीच, प्रश्नावलीच्या मसुद्यात लागून गेला होता.

खटला मात्र या आकड्यापर्यंत पोहोचलाच नाही. एप्रिल १९९१ मध्ये न्यायाधीश रसेल हॉलंड यांनी पहिली तडजोड नाकारली. ऑक्टोबरात दुसरी मान्य झाली. नैसर्गिक संपत्तीच्या दिवाणी दाव्यापोटी एक्झॉनने ९० कोटी डॉलर द्यायचे ठरले. अर्थशास्त्रज्ञांचा अहवाल अलास्काच्या ॲटर्नी जनरलच्या टेबलावर अधिकृतपणे पोहोचला तेव्हा नोव्हेंबर १९९२ उजाडला होता.

पक्षी दोन हजार की दोन लाख?

कोर्टात न झालेली लढाई मग सभागृहात झाली. १९९२ साली वॉशिंग्टनमध्ये एक परिषद भरली. पैसा एक्झॉनचा. एमआयटीचे जेरी हाऊसमन आणि पीटर डायमंड यांच्यासारखे मातब्बर अर्थशास्त्रज्ञ तिथे, माणसांना विचारून निसर्गाची किंमत काढण्याची ही पद्धतच पोकळ आहे, असं मांडत होते. नामवंतांची वाटणी दोन छावण्यांत झाली होती: एक सरकारी मानधनावर, दुसरी कंपनीच्या.

या परिषदेतला सगळ्यात गाजलेला प्रयोग पक्ष्यांचा. तेलाच्या उघड्या खड्ड्यांत पडून स्थलांतरित पाणपक्षी मरतात. खड्ड्यांवर जाळी घातली तर वाचतील. तुम्ही किती द्याल? एका गटाला सांगितलं, २,००० पक्षी वाचतील. दुसऱ्याला २०,०००. तिसऱ्याला २,००,०००. सरासरी उत्तरं आली ८० डॉलर, ७८ डॉलर आणि ८८ डॉलर. शंभरपट पक्षी, आणि रक्कम जवळजवळ तीच. सभागृहात हे आकडे म्हणजे तोफगोळा होता. बटाटे दोन किलो घेतले काय नि दोनशे किलो घेतले काय, गिऱ्हाईक तेवढेच पैसे देणार असेल, तर त्याला गिऱ्हाईक तरी कसं म्हणायचं?

डॅनियल काहनेमन आणि जॅक नेच यांनी त्याच वर्षी याचा उलगडा सुचवला: लोक पक्षी विकत घेत नसतात, नैतिक समाधान विकत घेत असतात. एक्झॉनच्या बाजूने हे वाक्य पद्धतीवरचा मृत्युलेख म्हणून वाचलं गेलं. पण ते दुसऱ्या बाजूनेही वाचता येतं. लोकांना वाटत होतं की पक्ष्यांना असं मरू देणं चूक आहे. ‘चूक किती किलो?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून चांगल्या कामाला जेवढी वर्गणी द्यावी तेवढी त्यांनी सांगितली. अर्थशास्त्रज्ञ गिऱ्हाइकाला शोधत आले होते, आणि दार नागरिकाने उघडलं.

शेवटी सरकारने पंच नेमले. अध्यक्षपदी दोघे: केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो, दोघेही नोबेल विजेते. जानेवारी १९९३ मध्ये त्यांचा निवाडा आला. पद्धत वापरता येईल, नुकसान ठरवण्याच्या न्यायप्रक्रियेत सुरुवातीचा आधार म्हणून. पण मुलाखत समोरासमोर घ्या, प्रश्न मतदानासारखा विचारा, माणसाला त्याच्या खिशाची आणि इतर पर्यायांची आठवण करून द्या. आणि विचारताना ‘किती घ्याल’ असं विचारू नका, ‘किती द्याल’ असंच विचारा. सावधगिरी म्हणून धरलेली वाट आता अधिकृत झाली.

जाईन, पण बांधू नका

मार्क सॅगॉफ या तत्त्वज्ञाने आपल्या वर्गातला एक प्रसंग लिहून ठेवला आहे. कॅलिफोर्नियातल्या मिनरल किंग या डोंगरी खोऱ्यात वॉल्ट डिस्नेच्या कंपनीला बर्फावरच्या खेळांचं मोठं केंद्र उभारायचं होतं. सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेने विरोध केला आणि प्रकरण १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सॅगॉफने मुलांना विचारलं, हे खोरं रानच राहिलं तर तिथे कोण जाईल? फारच थोडे हात वर झाले. केंद्र झालं, तर तिथे कोण जाईल? वर्गात उत्साहाची लाट आली. मग त्याने विचारलं, सरकारने हे केंद्र होऊ द्यावं का? जवळपास सगळा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणाला.

मुलांच्या खिशाकडे पाहून निर्णय घेणारा अर्थशास्त्रज्ञ केंद्र बांधा म्हणाला असता, कारण गिऱ्हाइकी पक्की होती. मुलं काही ढोंगी नव्हती. मला काय हवं आहे आणि आपण काय करणं योग्य आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच डोक्यात वेगळी असू शकतात, हे सॅगॉफला त्या तासाने दाखवून दिलं. १९७८ साली अमेरिकी काँग्रेसने मिनरल किंग सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात घालून टाकलं. तिथे रान जिंकलं ते मतांवर. खर्च-लाभाच्या तक्त्यात जिंकलं असतं की नाही, याची शंकाच आहे.

सही कुणाची, मजकूर कुणाचा

१२ डिसेंबर १९९१ रोजी जागतिक बँकेत एक अंतर्गत टिपण फिरलं. सही होती मुख्य अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स समर्स यांची. बँकेने प्रदूषण करणारे उद्योग गरीब देशांकडे जायला अधिक उत्तेजन द्यावं का, असा त्यातल्या एका भागाचा सूर होता. कारणं तीन. प्रदूषणाने आजारी पडून बुडणारी मजुरी हा खर्च धरला, तर जिथे मजुरी सगळ्यात कमी तिथे खर्चही कमी. जिथे हवा अजून स्वच्छ आहे तिथे पहिल्या थोड्या घाणीने फारसं बिघडत नाही. आणि स्वच्छ हवेची मागणी उत्पन्नाबरोबर वाढते.

फेब्रुवारी १९९२ मध्ये ते ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये झळकलं आणि जगभर संतापाचा आगडोंब उसळला. रिओची पृथ्वी परिषद चार महिन्यांवर होती. ब्राझीलचे पर्यावरण सचिव जोझे लुत्झेनबर्गर यांनी समर्स यांना जळजळीत उत्तर लिहिलं. पुढच्याच महिन्यात लुत्झेनबर्गर यांचं पद गेलं. समर्स पुढे अमेरिकेचे अर्थमंत्री आणि मग हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

पडद्यामागची गोष्ट नंतर बाहेर आली. मजकूर लँट प्रिचेट या तरुण सहकाऱ्याचा होता. हा उपरोध होता, बँकेच्या एका मसुद्यातल्या ढिल्या युक्तिवादाला चिमटा काढण्यासाठी लिहिलेला, असा खुलासा झाला. खुलासा खरा मानायलाही हरकत नाही. मला मात्र टिपणाचा शेवट जास्त बोलका वाटतो. त्यात म्हटलं होतं की, या युक्तिवादाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातील, म्हणजे माणसांचे हक्क, नीतीची कारणं, सामाजिक चिंता, ते उलटवून बँकेच्या उदारीकरणाच्या जवळपास प्रत्येक प्रस्तावाविरुद्ध वापरता येतील. उपरोध असो वा नसो, हे विधान खरं होतं. जी पद्धत रोज सभ्य भाषेत वापरली जात होती, तिचंच टोक या टिपणाने उघडं केलं. लोक चिडले ते उद्धट सुरावर. पद्धत दुसऱ्या दिवशीही कार्यालयात वेळेवर हजर होती.

एका युरोपियन जिवाची किंमत

ती पद्धत किती सभ्य दिसू शकते, हे तीन वर्षांतच कळलं. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, दुसऱ्या अहवालात तापमानवाढीमुळे जगाचं किती नुकसान होईल याचा हिशेब करायचा होता. प्रकरण सहावं. डेव्हिड पिअर्स हे त्याचे प्रमुख लेखक, आणि लेखकांत भारतीयही होते. नुकसानात मृत्यूही येतात. मृत्यूला रक्कम लागते. रूढ पद्धत अशी की, जिवावरचा धोका कमी करायला माणूस किती पैसे मोजायला तयार आहे ते पाहायचं. ज्याच्याकडे पैसे जास्त, तो जास्त मोजणार. श्रीमंत देशातल्या जिवाला १५ लाख डॉलर आणि गरीब देशातल्या जिवाला त्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी, असे आकडे त्यातून आले.

हे हेरलं ते ऑब्री मेयर या माणसाने. तो अर्थशास्त्रज्ञ नव्हता. व्यवसायाने व्हायोला वाजवणारा संगीतकार. लंडनमधल्या ‘ग्लोबल कॉमन्स इन्स्टिट्यूट’ या छोट्याशा संस्थेतून त्याने सरकारांना पत्रं पाठवायचा सपाटा लावला. भारताचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री कमलनाथ यांनी १९९५ मध्ये इतर देशांच्या प्रतिनिधींना लिहून कळवलं की, माणसाच्या जिवाचं मोल त्याच्या उत्पन्नावर ठरवणं भारताला मान्य नाही.

जुलैत जिनिव्हाच्या बैठकीत सरकारी प्रतिनिधींनी धोरणकर्त्यांसाठीचा सारांश मंजूर करायला नकार दिला. एका बाजूला म्हणणं, हे शास्त्र आहे, यावर मतदान होत नाही. दुसऱ्या बाजूला म्हणणं, हे शास्त्र असेल तर त्यात आमचे जीव स्वस्त कुणी केले? पिअर्स मागे हटले नाहीत. त्यांचा मुद्दाही अगदीच हवेतला नव्हता: आम्ही जीव विकत नाही, लोक धोका टाळायला काय देतात एवढंच नोंदवतो. ऑक्टोबरात मॉन्ट्रियलला सारांश बदलून मंजूर झाला, प्रकरण मात्र लेखकांनी जसं होतं तसंच ठेवलं. छापील खंडात दोन्ही आहेत; सारांश प्रकरणाशी सहमत नाही.

एक दशांश टक्का

वेळेचा किस्सा तर याहून छोटा आहे. २००६ मध्ये निकोलस स्टर्न यांच्या ब्रिटिश अहवालाने हवामानबदलावर तातडीने मोठा खर्च करायला सांगितलं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाऊस वर्षानुवर्षं सावकाश चढत जाणाऱ्या उपायांचा सल्ला देत होते. दोघांच्या मतभेदाचं मुख्य मूळ एका दरात होतं. भावी पिढीचं सुख, केवळ ती उशिरा जन्मणार म्हणून, दरवर्षी किती कमी धरायचं? स्टर्न म्हणाले ०.१ टक्का, नॉर्डहाऊस १.५ टक्के धरत. पहिल्या दराने शंभर वर्षांनंतरचा माणूस आजच्या माणसाच्या नव्वद टक्के ठरतो. दुसऱ्याने पाव माणसाहूनही कमी. फ्रँक रॅम्सी या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञाने असा दर लावणं नीतीला धरून नाही, हे १९२८ मध्येच बजावलं होतं. अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी मात्र स्टर्न यांना वेगळ्याच जागी पकडलं: उद्याच्या माणसाची एवढी काळजी घेणाऱ्या अहवालाने आजच्या गरीब आणि श्रीमंत यांच्यातल्या दरीला फारच कमी वजन दिलं आहे.

दिल्लीचा दर, दांडेलीचा दर

भारतात हा हिशेब सर्वोच्च न्यायालयात झाला. गोदावर्मन खटल्यात २००५ साली न्यायालयाने ठरवलं की जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वळवणाऱ्याने त्या जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं, आणि ते काढण्यासाठी कांचन चोप्रा या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च २००८ मध्ये दर पक्के झाले: जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये. हेतू जंगलतोड महाग करण्याचा होता. पण दर एकदा छापला की प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्याचा रकाना तयार होतो. हे जंगल द्यावं का, हा प्रश्न मागे पडतो आणि ‘पैसे भरले का?’ एवढाच उरतो.

हे पाहून निसर्गाला किंमत लावूच नये, असं म्हणावंसं वाटतं. त्याआधी उत्तर कन्नडच्या बांबूची हकीकत ऐकावी. ती माधव गाडगीळ यांनी सांगितली आहे. त्यांचे वडील धनंजयराव गाडगीळ म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची मोजणी त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली होती. मुलगा परिसरशास्त्रज्ञ झाला आणि १९७५ च्या सुमारास कर्नाटक सरकारच्या सांगण्यावरून बांबूच्या मागे लागला, कारण कागद कारखाने बांबू संपवताहेत अशी बुरुडांची तक्रार होती.

वनखातं आणि दांडेलीचा कागद कारखाना दोष देत होते गावकऱ्यांना आणि त्यांच्या गुरांना. बेटांच्या बुंध्याशी असलेलं काटेरी जाळं साफ केलं की बांबू चांगला वाढतो, असाही त्यांचा दावा. गावकरी म्हणत, ते काटे काढलेत तर कोंब गुरं, माकडं, साळिंदर खाऊन टाकतील. पाहणीत गावकरी बरोबर निघाले. याच दरम्यान कारखान्याच्या एका वरिष्ठाने गाडगीळांना मोकळेपणाने सांगितलं की त्यांचा धंदा पैसा मिळवण्याचा आहे. घातलेलं भांडवल केव्हाच वसूल झालं आहे. बांबू संपला तर दुसरा कच्चा माल पाहू.

त्याला असं बोलणं परवडत होतं, कारण सरकारशी झालेल्या कराराने कारखान्याला बांबू टनामागे दीड रुपयाने मिळत होता. बाजारात तोच बांबू टनाला हजार रुपयांच्या पुढे होता, आणि सूप-टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरुडाला तो बाजारभावाने घ्यावा लागे. इथे कुणी मुलाखती घेतल्या नव्हत्या, पंच नेमले नव्हते, वर्तमान मूल्य काढलं नव्हतं. तरीही किंमत ठरली होतीच. एक्झॉनच्या प्रकरणात निदान एकतीस डॉलर कसे आले हे छापलं गेलं, म्हणून त्यावर भांडता आलं. दीड रुपया कसा ठरला, हे बुरुडांना कुणी विचारूही दिलं नव्हतं.